अमेरिकेत कॉलेजच्या टीममधून खेळायचंय? नववीपासूनची तयारी

मंडळाच्या गणपतीत आरती झाली, प्रसादाचा द्रोण हातात आला आणि आपली मुलगी बरी पोहते असं कोणाला कळलं, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "मग काय, कॉलेज फुकट!" आमची लेक आता डिव्हिजन थ्रीच्या (कॉलेज खेळांच्या तीन गटांपैकी तिसऱ्या) कॉलेजातून पोहते. या डिव्हिजनमध्ये खेळासाठी एका डॉलरचीही स्कॉलरशिप देत नाहीत. तरी पोहण्याचा तिला ॲडमिशनला उपयोग झाला आणि फीही आमच्या आवाक्यात आली. हे कसं जमतं आणि कुठे अडतं, ते क्रमाने सांगते. लेख मुख्यतः अमेरिकेत हायस्कूलला असलेल्या मुलांसाठी आहे. पुण्या-मुंबईहून थेट येऊ पाहणाऱ्यांसाठी सातवा टप्पा वेगळा लिहिला आहे.

आकडे आधीच माहीत असलेले बरे. अमेरिकेत हायस्कूलच्या खेळांमधला सहभाग 80 लाखांच्या वर आहे. कॉलेज खेळांची सगळ्यात मोठी संघटना एनसीएए, तिच्याकडे खेळाडू साडेपाच लाखांच्या आसपास. त्यातही पूर्ण खर्च भागवणारी स्कॉलरशिप फार थोड्यांच्या वाट्याला येते.

घरात एक वाटणीही सुरुवातीलाच करून टाका. कोचशी बोलणं हे मुलाचं काम, कागदपत्रं आणि पैसे हे आईबाबांचं. आपल्याकडे बाबाच मुलीच्या नावाने ईमेल लिहितात आणि कोचला ते दोन ओळींत कळतं. सोळा वर्षांची मुलगी "काइंडली रिव्हर्ट" असं लिहीत नाही.

1. आपला खेळ कॉलेजात आहे का, ते आधी बघा

हास्यास्पद वाटेल, पण इथेच अनेकांची गाडी चुकते. आपल्या मुलांमध्ये बॅडमिंटन, क्रिकेट आणि टेबल टेनिस जोरात असतं आणि यातल्या एकाचीही एनसीएए स्पर्धा नाही. कॉलेजात क्लब असतात, क्लबांच्या आपसात स्पर्धाही होतात, पण त्या जोरावर ॲडमिशनमध्ये कोच तुमच्यासाठी शब्द टाकेल असं होत नाही. अर्जात छंद म्हणून जरूर लिहा, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

स्क्वॉशची गोष्ट वेगळी. तोही एनसीएएच्या यादीत नाही, पण त्याची कॉलेजांची स्वतंत्र संघटना आहे. ईशान्येकडच्या नामांकित कॉलेजांत पगारी कोच आहेत आणि ते खेळाडू शोधतात. पोहणं, टेनिस, गोल्फ, ॲथलेटिक्स, फेन्सिंग, सॉकर, व्हॉलीबॉल हे सरळ मार्गाचे खेळ. मुलांच्या व्हॉलीबॉल आणि जिम्नॅस्टिक्सच्या टीम मुलींच्या मानाने फारच कमी आहेत, हेही लक्षात असू द्या.

2. डिव्हिजन म्हणजे काय ते नीट समजून घ्या

डिव्हिजन वन आणि टू खेळाची स्कॉलरशिप देऊ शकतात, थ्री देत नाही. आयव्ही लीगची आठ विद्यापीठं डिव्हिजन वनमध्ये असूनही खेळाची स्कॉलरशिप देत नाहीत, फक्त कुटुंबाची गरज पाहून मदत करतात. एनसीएएच्या बाहेर एनएआयए नावाची छोट्या कॉलेजांची संघटना आहे आणि दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांची एनजेसीएए आहे. दोन्हीकडे स्कॉलरशिप मिळू शकते. ज्युनियर कॉलेज म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडतात. पण मार्क थोडे कमी पडलेल्या किंवा उशिरा बहरलेल्या खेळाडूला दोन वर्षं तिथे काढून मोठ्या टीममध्ये जाता येतं.

"वन म्हणजे उत्तम आणि थ्री म्हणजे उरलेले" हा समज मात्र डोक्यातून काढा. एमआयटी, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, जॉन्स हॉपकिन्स यांच्या बहुतेक टीम डिव्हिजन थ्रीमध्ये खेळतात. डिव्हिजन थ्रीच्या वरच्या टीमचे जलतरणपटू डिव्हिजन वनच्या तळातल्या टीमला सहज मागे टाकतील.

मराठी खेळाडूंनी या वाटेने मोठी मजल मारलेली आहे. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठातून टेनिस खेळली आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक घेऊन आली. पुण्याचा अर्जुन काढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला आणि मग व्यावसायिक टेनिसकडे वळला.

गेल्या काही वर्षांत वरच्या पातळीवर मोठी उलथापालथ झाली आहे. जून 2025 मध्ये एका खटल्यातली तडजोड न्यायालयाने मान्य केली. 1 जुलै 2025 पासून डिव्हिजन वनची कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. जी कॉलेजं यात सामील झाली, त्यांच्याकडे स्कॉलरशिपच्या संख्येवरची मर्यादा गेली आणि त्याऐवजी टीममध्ये किती जण असावेत यावर मर्यादा आली. पोहण्याला 30, टेनिसला 10. ऐकायला छान, पण बहुतेक पैसा अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो, आणि स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये घुसणाऱ्या मुलांच्या जागा मात्र आटल्या. त्यात खेळाडू एका कॉलेजातून दुसऱ्यात सहज जाऊ लागल्यामुळे अनेक कोच अठरा वर्षांच्या नवख्यापेक्षा एकवीस वर्षांचा तयार खेळाडू घेणं पसंत करतात. म्हणून चार-पाच वर्षांपूर्वी मोठ्या मुलाचं सगळं सुरळीत पार पडलेल्या कुटुंबाचा सल्ला ऐका, पण तसाच्या तसा वापरू नका.

3. नववीतच विषय तपासा

डिव्हिजन वन किंवा टूमध्ये खेळायचं तर एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरची मान्यता लागते. त्यासाठी हायस्कूलच्या चार वर्षांत 16 "कोअर" विषय पूर्ण हवेत. डिव्हिजन वनसाठी इंग्रजी चार वर्षं, गणित तीन (अल्जिब्रा वन किंवा पुढचं), विज्ञान दोन, समाजशास्त्र दोन, यांपैकी पहिल्या तिघांतलं आणखी एक वर्ष आणि उरलेली चार वर्षं याच विषयांतून किंवा परकीय भाषा, तत्त्वज्ञान अशांतून. या विषयांचा जीपीए (4 पैकी सरासरी गुण) वनसाठी किमान 2.3 आणि टूसाठी 2.2 लागतो. एसएटी-एसीटी या प्रवेशपरीक्षांची अट 2023 मध्ये गेली, मात्र कॉलेजची स्वतःची अट असू शकते.

"2.3? आमच्या बबड्याला 3.9 आहे!" असं म्हणून हा भाग सोडून देऊ नका. हुशार मुलांना अडकवणारे खड्डे वेगळे आहेत:

- शाळेत शिकवला जाणारा प्रत्येक विषय मान्य नसतो. प्रत्येक हायस्कूलची मान्य विषयांची यादी एनसीएएच्या संकेतस्थळावर असते. तिथे शाळेचं नाव घालून मुलाचा एकेक विषय ताडून बघा.
- उन्हाळ्यात ऑनलाइन कोर्स करून पुढे उडी मारायची आपल्या घरांना भारी हौस. तो कोर्स मान्य नसेल तर मोजला जात नाही. पैसे भरण्याआधी तपासा.
- सातवी-आठवीत केलेला अल्जिब्रा हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रिकेवर) गुण आणि क्रेडिटसह दिसत असेल तरच धरतात.
- डिव्हिजन वनसाठी 16 पैकी 10 विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत आणि त्यातले सात इंग्रजी, गणित, विज्ञानातले. एकदा बारावी सुरू झाली की त्या विषयांचे गुण गोठतात, पुन्हा बसून वाढवता येत नाहीत.
- बी प्लस आणि बी मायनस दोन्ही फक्त बी म्हणूनच मोजले जातात.

नववीत मोफत प्रोफाइल उघडून ठेवा. अकरावीपर्यंत डिव्हिजन वन किंवा टूची शक्यता खरी वाटू लागली, तर फी भरून पूर्ण खातं करा. ट्रान्सक्रिप्ट शाळेच्या काउन्सिलरनेच पाठवायची असते. डिव्हिजन थ्रीच्या इथल्या विद्यार्थ्यांना ही मान्यता लागत नाही, तिथे कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसचं मत चालतं.

4. मूल कुठे बसतं, ते निकालांवरून ठरवा

हे काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात टाळलं जाणारं. क्लबचा कोच म्हणतो "शी हॅज पोटेन्शियल" आणि आपण स्टॅनफर्डचं स्वप्न बघायला लागतो.

पोहण्याची पद्धत सांगते, इतर मोजमापाच्या खेळांनाही तीच चालते. एक कॉलेज निवडा. ते ज्या कॉन्फरन्समध्ये (आपसात स्पर्धा खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात) आहे, तिच्या मागच्या फेब्रुवारीतल्या अंतिम स्पर्धेचे निकाल उघडा. मुलीच्या प्रकारात, समजा 200 यार्ड ब्रेस्टस्ट्रोकमध्ये, सोळाव्या क्रमांकाची वेळ बघा. साधारण तिथपर्यंत आलेला खेळाडू टीमला गुण मिळवून देतो. आपली वेळ त्याच्या जवळ असेल तर कोच उत्तर देईल. पहिल्या तिघांत बसणारी असेल तर मागे लागेल. चार सेकंदांनी मागे असेल तर त्या कॉलेजवर वेळ घालवू नका. मग त्याच टीमची यादी उघडून बघा, की तुमच्या प्रकारातले किती जण पुढच्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडताहेत. तीन ब्रेस्टस्ट्रोकर जात असतील तर कोचला गरज आहे.

हा अभ्यास लेकीने एका रविवारी वहीत रकाने पाडून केला आणि तिची स्वप्नातल्या कॉलेजांची यादी निम्मी झाली. थोडी रडारड झाली. पण उरलेली यादी खरी होती.

टेनिसमध्ये हेच काम यूटीआर (खेळाडूची पातळी सांगणारं रेटिंग) करतो. टीमच्या सहाही खेळाडूंचा यूटीआर पाहता येतो, त्यांच्यातल्या खालच्या दोघांशी आपला ताडून बघा. डिव्हिजन वन टेनिसमध्ये निम्म्याहून जास्त खेळाडू परदेशी आहेत, म्हणजे स्पर्धा फक्त न्यू जर्सीच्या मुलांशी नाही, स्पेन आणि झेक प्रजासत्ताकातल्याही मुलांशी आहे. सांघिक खेळांत असं मोजमाप नसतं. तिथे क्लबचा दर्जा आणि कोच हजर असलेल्या स्पर्धा महत्त्वाच्या ठरतात.

5. व्हिडिओ, फॉर्म आणि ईमेल

डिव्हिजन वनच्या बहुतेक खेळांत कोच दहावी संपल्यावर 15 जूनपासून मुलाला फोन, मेसेज, ईमेल करू शकतो. फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या काही खेळांच्या तारखा निराळ्या. डिव्हिजन टूलाही 15 जूनच. थ्रीचे कोच आधीही लिहू शकतात. पण हे बंधन कोचवर आहे, मुलावर नाही. मूल नववीतही लिहू शकतं. उत्तर आलं नाही तर नाराज होऊ नका, कोचला तेव्हा उत्तर द्यायची मुभाच नसते.

आधी टीमच्या संकेतस्थळावरचा रिक्रूट फॉर्म भरा. मग ईमेल. त्यात हवं ते एवढंच: नाव, पदवीचं वर्ष, शाळा-क्लब, तीन सर्वोत्तम कामगिऱ्या, जीपीए, व्हिडिओची लिंक, पुढच्या दोन स्पर्धा कुठे आणि कधी. आणि याच कॉलेजबद्दल एक खरं वाक्य. हे वाक्य कॉपी-पेस्ट केलेलं असलं की दिसतं. एका मुलाने बोस्टनच्या कोचला "आय लव्ह टेक्सास" लिहून पाठवल्याचं मी ऐकून आहे. दर नव्या कामगिरीनंतर दोन ओळींचा ताजा ईमेल पाठवायचा.

व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा पुरे. संगीत नको, स्लो मोशन नको, बाबांचं निवेदन तर मुळीच नको. पोहण्यात सुरुवातीची उडी, वळण आणि पाण्याखालचा भाग स्पष्ट दिसला पाहिजे. टेनिसमध्ये बेसलाइनच्या मागून, थोड्या उंचीवरून, सलग गुण. फक्त विनर जोडलेला व्हिडिओ कोच बंद करतो.

सापळे दोन. कॅम्पचं निमंत्रण आलं म्हणजे कोचला आपण हवे आहोत असं नाही. ती पत्रं हजारोंना जातात आणि कॅम्पचे पैसे लागतात. कोचने मुलीच्या नावाने, तिच्या वेळेचा उल्लेख करून लिहिलं असेल तर जा. दुसरा सापळा म्हणजे हजारो डॉलर घेऊन "आम्ही तुमचं प्रोफाइल कोचपर्यंत पोचवतो" म्हणणाऱ्या कंपन्या. कोचचा ईमेल पत्ता त्याच्या टीमच्या पानावर फुकट असतो.

6. फोन आणि भेटी

पहिल्या फोनच्या वेळी लेक तिच्या खोलीत होती, मी स्वयंपाकघरात कुकरची शिटी होऊ नये म्हणून गॅस बंद करून उभी. बाहेरून खुणा करायचा मोह आवरा. दार बंद करून घ्या.

प्रश्न मुलाने विचारायचे. काही प्रश्न मात्र आधी हातात लिहून द्या: माझ्या प्रकारात तुमच्याकडे पुढच्या वर्षी किती जण आहेत? तुमच्या यादीत मी कितवी? जखमी झाले तर स्कॉलरशिपचं काय? लॅबचे तास आणि सराव एकाच वेळी आले तर काय करता? या शेवटच्या प्रश्नाला "मॅनेज करतात मुलं" असं उत्तर आलं तर टीममधल्या इंजिनिअरिंग किंवा प्री-मेडच्या मुलांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका. डिव्हिजन वनमध्ये हंगामात आठवड्याला 20 तासांची मर्यादा आहे, पण प्रवासाचे तास त्यात धरत नाहीत.

डिव्हिजन वनच्या बहुतेक खेळांत अकरावीच्या आधीच्या 1 ऑगस्टपासून भेटी सुरू होतात. ऑफिशियल भेटीचा खर्च कॉलेज करू शकतं, अनऑफिशियलचा आपला. मुलाला रात्री टीमच्या मुलांबरोबर राहू द्या. कोचसमोर सगळे गोड असतात, खोलीवर परत आल्यावर मुलं खरं बोलतात.

7. थेट भारतातून येणाऱ्यांसाठी, आणि एच-4 वाल्यांसाठी

भारतातल्या मुलांना नववीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका, दहावी-बारावीची बोर्डाची प्रमाणपत्रं, आणि कागद मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. डिव्हिजन थ्रीमध्येही परदेशातून येणाऱ्याला हौशी खेळाडू असल्याची एनसीएएची मान्यता घ्यावी लागते. एजंटाशी टक्केवारीचा करार करू नका. बक्षिसाची रक्कम घेतली असेल तर खर्चाच्या पावत्यांसकट नोंद ठेवा.

बारावीनंतर जेईई-नीटसाठी वर्ष "ड्रॉप" घ्यायचा विचार असेल तर जपून. शाळा संपल्यावर ठरावीक मुदतीत कॉलेजात दाखल झालं नाही आणि त्या काळात स्पर्धा खेळत राहिलं, तर खेळण्याचा हक्क कमी होऊ शकतो. टेनिसला हा नियम विशेष कडक राहिला आहे. हे नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीचा नियम कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसकडून (खेळाचे नियम सांभाळणाऱ्या कार्यालयाकडून) लेखी घ्या.

पोहणाऱ्यांसाठी: अमेरिकन कॉलेजं 25 यार्डांच्या तलावात पोहतात. बालेवाडीच्या 50 मीटर तलावातली वेळ तशीच पाठवा आणि शेजारी यार्डातलं रूपांतर द्या. मीटर की यार्ड, हे लिहायला विसरू नका.

एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असलेल्या खेळाडूने जाहिरात किंवा प्रमोशनचे पैसे घेणं धोक्याचं आहे. टीममधले अमेरिकन दोस्त 2021 पासून बिनधास्त घेतात, पण आपल्यासाठी ते बेकायदा काम ठरू शकतं आणि व्हिसा जाऊ शकतो. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय फुकट बूटही घेऊ नका.

इथेच वाढलेल्या, पण एच-4 वर (आईबाबांच्या एच-1बी नोकरी व्हिसाबरोबर कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर) असलेल्या मुलांचं दुखणं निराळं. त्यांना केंद्र सरकारची शिक्षणमदत मिळत नाही, काम करता येत नाही, आणि एकविसाव्या वर्षी एच-4 संपतो, म्हणजे शिकता शिकता एफ-1 करून घ्यावा लागतो. खेळाची स्कॉलरशिप मात्र घेता येते. मूल इथे जन्मलेलं असेल तर ते नागरिक आहे. आईबाबा कुठल्याही व्हिसावर असोत, त्याचा फाफ्साचा (केंद्र सरकारच्या शिक्षणमदतीचा) अर्ज भरा.

8. पैशांचं गणित

कोच "तीस टक्के" म्हणाला तर कशाच्या तीस टक्के, ते विचारा. फक्त ट्यूशन फी (शिकवणीचं शुल्क), की राहणं-जेवण धरून? किती वर्षांसाठी? दरवर्षी नव्याने ठरणार का? स्कॉलरशिपचा राहण्या-जेवणाचा भाग करपात्र असतो, आणि एफ-1 वाल्यांचा त्यावर बहुधा 14 टक्के कर आधीच कापतात.

प्रत्येक कॉलेजच्या पानावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता आपल्याला किती खर्च येईल याचा अंदाज तो देतो. तो अकरावीत भरा, बारावीत नाही. आमच्या बाबतीत खेळाच्या अर्धवट स्कॉलरशिपवाल्या एका मोठ्या विद्यापीठापेक्षा, अभ्यासाची स्कॉलरशिप देणारं डिव्हिजन थ्रीचं कॉलेज स्वस्त पडलं. हे सर्रास घडतं आणि मंडळात कोणी सांगत नाही, कारण "फुल राइड"ची (पूर्ण खर्चाच्या स्कॉलरशिपची) बढाई मारायला जास्त मजा येते.

9. होकार

तोंडी होकार दोन्ही बाजूंना बांधत नाही. कोच बदलला तर तो हवेत विरतो. पूर्वी "नॅशनल लेटर ऑफ इंटेंट"वर सही व्हायची. ती पद्धत ऑक्टोबर 2024 मध्ये बंद झाली. आता कॉलेजचा आर्थिक मदतीचा लेखी करारच खरा. तो आकड्यांसकट वाचा.

डिव्हिजन थ्रीमध्ये असा करारच नसतो. तिथे कोच अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात मुलाचे गुण ॲडमिशन ऑफिसला दाखवून अंदाज घेतो, त्याला प्री-रीड म्हणतात. हिरवा कंदील मिळाला तर तो बहुधा अर्ली डिसिजनमध्ये (एकाच कॉलेजला लवकर) अर्ज करायला सांगतो. अर्ली डिसिजन बंधनकारक आहे, म्हणून प्री-रीडच्या वेळीच आर्थिक मदतीचा अंदाज लेखी मागा. आणि होकार दिला की बाकीच्या कोचना मुलाने आभाराचे दोन ओळींचे ईमेल पाठवायचेच. कोच नोकऱ्या बदलतात, एकमेकांना ओळखतात.

10. फाइलमध्ये काय काय हवं

- ट्रान्सक्रिप्ट किंवा गुणपत्रिका, नववीपासून
- एनसीएए खात्याचा क्रमांक
- अधिकृत निकालांच्या लिंक आणि व्हिडिओची लिंक
- कोणत्या कोचला कधी लिहिलं, काय उत्तर आलं याची तक्ता-वही (मुलाने ठेवायची)
- पासपोर्ट, व्हिसाचे कागद. भारतातून येत असाल तर आय-20 (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद), बँकेची कागदपत्रं, लागत असेल तर टोफेल किंवा आयईएल्टीएसचा निकाल
- आईबाबांचे कर विवरणपत्र, फाफ्सा आणि सीएसएस प्रोफाइल (कॉलेजांच्या स्वतःच्या मदतीचा अर्ज) यांसाठी
- लसीकरणाची नोंद, डॉक्टरांचा तपासणी अहवाल, विम्याचे कागद
- सिकल सेल (रक्ताचा आनुवंशिक दोष) चाचणीचा अहवाल. जन्माच्या वेळी झालेल्या चाचणीचा अहवाल मिळाला तर उत्तम. विदर्भ किंवा नंदुरबारकडच्या काही समाजांत याचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे भारतातून येणाऱ्यांनी निघण्याआधीच करून घ्या.
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी. दम्याचा पंप, एडीएचडीची गोळी यांसाठी डॉक्टरांचं पत्र लागतं. आजीने पाठवलेलं चूर्ण आणि दुकानातली प्रोटीन पावडरही टीमच्या ॲथलेटिक ट्रेनरला दाखवूनच घ्यायची. बंदी असलेला पदार्थ सापडला तर "मला माहीत नव्हतं" हे कारण चालत नाही.